अकरा कमळांच्या जागी दहा

१

बुधवारी दुपारी भैय्याजीच्या कापडदुकानात, अगदी दर्शनी दांडीवर, आमच्या बाबांचं कमळ लटकत होतं.

कमळ म्हणजे साडीच्या काठावरचं. आठ पाकळ्या आणि मधे मान वळवून बसलेला हंस. पवनीच्या आमच्या विणकर सोसायटीत काठांचे नकाशे काढतात ते लक्ष्मणराव सोनकुसरे माझे बाबा. हे कमळ त्यांनी चार महिने खपून काढलं होतं. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लोकांसमोर यायचं होतं. तोपर्यंत ते दोनच ठिकाणी होतं. एक, आमच्या घरी, बाबांच्या चौकटीच्या कागदावर आणि त्यावरून विणलेल्या हातभर नमुन्यात. दोन, सोसायटीने दिवाळीत आणलेल्या कॉम्प्युटरमध्ये. भैय्याजीच्या दुकानात ते असायचं काही कारणच नव्हतं.

मी सायकल तिथेच आडवी टाकली आणि घरी पळत सुटले. पण बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्या दारात पंधरा-वीस माणसं आणि त्यांच्या पुढे सोसायटीचे सेक्रेटरी श्यामराव, हातात तीच साडी.

"लक्ष्मणराव, हे काय होय?"

बाबांनी साडी पाहिली. त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. "माह्यं कमळ होय."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं बोलला!" श्यामराव मागे वळून लोकांना म्हणाले. "मी आत्ता ऑफिसात स्वतः पट्टी लावून मोजलं. बरोबर दोन इंच. याच्या नकाशातही दोन इंच. कागद याच्या घरी, कुलूप याच्या पेटीले. मंग भैय्याजीच्या दुकानात हे उडून गेलं काय?"

"मी नाही दिलं," बाबा म्हणाले. एवढंच. बाबांना भांडता येत नाही. माणसाने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, पण बाबा नुसते उभे.

श्यामराव मात्र बोलण्यात पटाईत. लहानपणी बपेऱ्याला मामाच्या धानाच्या दुकानात वाढलेले. परत आले ते थेट सोसायटीच्या खुर्चीत. प्रत्येक सभेत दोन्ही हात वर करून सांगतात, "आम्ही जातीचे विणकर, आमच्या बोटांत सूत आहे."

"दिवाळीपासून याच्या पोटात दुखून राहिलं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर आला न याची किंमत गेली. म्हणून घर फोडलं यानं. सनिवारी तीन वाजता सभा. अध्यक्ष गोपाळरावजी निकाल देतीन. पण सोसायटीचा माग चोराच्या घरी राहणार नाही, हे मी आजच सांगून ठेवतो."

माग सोसायटीचाच होता, हे खरं. पण माझ्या जन्माच्या आधीपासून तो आमच्या घरात होता, आणि त्याच्याशिवाय बाबा म्हणजे कोण, हे मला तरी सांगता आलं नसतं.

शेजारची पुष्पाबाई जाता जाता म्हणाली, "पंचफुले, अभ्यास सोड आता. चोराच्या पोरीले कोण पास करते?"

बोर्डाची परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि सराव परीक्षेत मी गणितात वर्गात पहिली आले होते. मी म्हटलं, "मावशी, तुमचंच पाहा. तुमच्या पोराले तर सावाच्या घरी जन्मूनही कोणी पास केलं नाही."

आईने मला दंडाला धरून आत ओढलं. पण मी ठरवून टाकलं होतं. शनिवार तीन वाजेपर्यंत माझ्याजवळ तीन दिवस होते.

२

गुरुवारी सकाळी मी आईला म्हटलं, "आई, चाल. भैय्याजीच्या दुकानात साडी पाहू."

"जळो त्याचं दुकान!"

"जळण्याआधी मले ती साडी मोजायची आहे."

माझी आई शेवंताबाई. सोंग घ्यायचं म्हटलं तर तिच्यासारखी कोणी नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, दुकानात शिरली आणि गादीवर अशी बसली, की जणू तीन लेकींची लग्नं काढायची आहेत.

दुकानाच्या दारावर भैय्याजीच्या मुलीच्या साखरपुड्याचं तोरण अजून तसंच होतं. भैय्याजी हसले. "काय व शेवंताबाई, घरचंच कमळ इकत घ्यायले आली?"

"हाव जी. घरच्यापेक्षा तुमच्या दुकानात बरं दिसते," आई म्हणाली. "दुसरी काढा. अजून एक. नाही, ती हिरवी. काठ पाहू द्या पोरीले."

श्यामरावांनी एक साडी नेली होती, पण तशा अजून चार होत्या. आई भैय्याजींना रंगांवरून हैराण करत होती, तेव्हा मी कंपासपेटी उघडली. माझ्या पट्टीवर एका बाजूला इंच आहेत आणि प्रत्येक इंचाचे दहा भाग. कमळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी लावली.

दोन इंच आणि वर दोन रेघा.

पुन्हा लावली. दुसरं कमळ, तिसरं कमळ. दोन पूर्णांक दोन दशांश. श्यामराव काल सगळ्या गावासमोर दोन म्हणाले होते. डोळे फुटले होते काय त्यांचे?

मग मी घरून आणलेला आमचा नमुना त्या काठाशेजारी ठेवला. दोन्हींवर पहिलं कमळ सारखं जुळवलं आणि मोजत गेले. बावीस इंचांत आमची अकरा कमळं बसत होती. भैय्याजीची दहाच.

"ए पोरी! काय करून राहिली तिथं?"

"कमळं मोजून राहिली, भैय्याजी. तुमची एक कमी भरते."

सूत मोजायचं बाबांचं छोटं भिंग मी फ्रॉकच्या खिशात आणलं होतं. ते काठावर टेकवलं. एका इंचात साठ धागे, आमच्याएवढेच. म्हणजे जाड सूत वापरलं म्हणून कमळ फुगलं, असं नव्हतं. आमच्या एका कमळात एकशेवीस धागे. त्यांच्या कमळात एकशेबत्तीस.

मी पुन्हा मोजलं, तेच. बाबांचा नकाशा म्हणजे चौकटीचा कागद. एक चौकट म्हणजे एक धागा. त्यावरून कोणीही विणलं, अगदी माझी आजी डोळे बांधून बसली, तरी एकशेवीसच धागे येणार. बारा धागे जास्तीचे येतील कुठून? हे कमळ बाबांच्या कागदावरून घेतलेलंच नव्हतं. ते कुठूनतरी मोठं दिसणाऱ्या कमळावरून उतरवलं होतं.

भैय्याजींनी साडी माझ्या हातातून हिसकली. "तुह्या बापाले जाऊन इचार कसं आलं ते! निघा दोघी!"

"कोणी दिलं तुम्हाले?"

"तुह्या बापानं दिलं! सभेत येऊन सांगन मी, गोपाळरावजीच्या समोर!"

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "हा सभेत असंच बोलला तर संपलं, पंचू."

३

कॉम्प्युटरच्या खोलीच्या तीन चाव्या होत्या. एक श्यामरावांकडे. दुसरी जागेश्वरकाकांकडे, ते नकाशावरून मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि कापड तपासायला ऑफिसात असतात. तिसरी शोभाताईंकडे. त्या रोज आसगावहून एसटीने येतात आणि ते यंत्र चालवतात. त्यांच्या घरी धानाची शेती. मागाचा आणि त्यांचा संबंध काही नाही, पण नागपूरला त्या कॉम्प्युटर शिकल्या.

शोभाताईंनी मला दारातच अडवलं. "चपला बाहेर. आणि तूही बाहेर."

"ताई, कमळ एक दशांशानं मोठं आहे."

"मग? तुझे बाबा पहिल्या दिवशी मले काय म्हणाले माहीत आहे? या डब्याले काडी लावा, म्हणाले. आता माझ्या डब्यावर आळ घ्यायले तू आली?"

"सभेत बाबा सुटले तर संशय तीन चाव्यांवर. त्यात तुमची एक."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आसगावच्या विहिरीत ढकलून देतील. मग बाजूला झाल्या.

"मले चोरायचं असतं ना," त्या यंत्रावरचं कापड काढत म्हणाल्या, "तर ही चकती पर्समध्ये टाकून नागपूरले नेली असती. पाच मिनिटांत अख्ख्या काठाची दुसरी चकती. प्रिंटर नागपूरले चालू आहे. आपल्या प्रिंटरची रिबन दोन महिने झाले आली नाही, म्हणून इथं काही छापून निघत नाही."

"मग इथून कमळ बाहेर न्यायचं असेल तर?"

"काचेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी लागेल. शाळेत नकाशा छापतो तसं. अडाणी माणसाचं काम."

यंत्र सुरू झालं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं आली आणि मग एक आडवी हिरवी रेघ. खाली प्रश्न.

"हे काय विचारते?"

"ही रेघ किती इंच आहे ते. काचेवर दिसते ते खऱ्या मापाएवढं दिसावं म्हणून. मागची बटणं फिरवली की चित्र लहान-मोठं होते, यंत्राले ते कळत नाही. म्हणून रोज सुरू करताना पट्टीनं मोजून आकडा द्यायचा. बंद केलं की विसरते." त्यांनी पर्समधून लोखंडी पट्टी काढली. "मी पहिल्या आठवड्यात माप लावलं, तेव्हापासून बटणांना कोणी हात लावला नाही. रोज साडेपाचच येते." आकडा दाबला. चकती करकरली आणि बाबांचं कमळ काचेवर उमललं.

मी कंपासपेटीतलं कर्कटक काढून काचेवर धरलं आणि मग पट्टीवर ठेवलं. दोन इंच. अगदी नेमके.

"ताई, पुन्हा सुरू करा. आता पाच टाका."

"चूक होईल."

"चूकच पाहायची आहे."

त्यांनी पाच टाकले. कमळ पुन्हा आलं. डोळ्यांनीही कळत होतं, ते फुगलं होतं. मी कर्कटक पुन्हा पट्टीवर टेकवलं. दोन आणि वर दोन रेघा.

शोभाताई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचा सगळा राग कुठेतरी गेला. "कोणीतरी साडेपाचाची रेघ पाच मोजली. पण अर्धा इंच कोणी गिळेल? आंधळा असेल तरी..."

"तुम्ही सोडून हे कोणाला सुरू करता येतं?"

"मी जानेवारीत आठ दिवस रजेवर होती. पाहुणे आले तर दाखवाले म्हणून जागेश्वरकाका न श्यामराव, दोघांनाही शिकवलं होतं. पट्टीनं मोजा, आकडा टाका, नाव टाका."

"कोणत्या पट्टीने? तुमची तर पर्समध्ये."

आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला एक बांबूची पट्टी लटकत होती. तेल लागून काळी पडलेली.

मी ती काढून काचेवरच्या रेघेवर ठेवली. टोकाला टोक. आणि मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

रेघ बरोबर पाच भरली.

४

शोभाताईंना समजेना, म्हणून मी सांगितलं. मागावर कापड ताणलेलं असतं. कापून काढलं की ते आकसतं. मागावर बावीस इंच विणलं तर घडीत वीस भरतं. रोज हिशेब कोण करत बसेल? म्हणून आमच्याकडे विणकराच्या घरी बांबूच्या दोन पट्ट्या असतात. घडीपट्टीवर खरा इंच. मागपट्टीवर मुद्दाम मोठा केलेला इंच, खऱ्या इंचापेक्षा एक दशांश मोठा. मागावर काम करताना मागपट्टी, उतरलेल्या कापडाला घडीपट्टी. भिंतीवरची ती मागपट्टी होती.

आणि ती जागेश्वरकाकांची होती. टोकाला त्यांची खूण कोरलेली.

मी तडक त्यांच्या घरी गेले. जागेश्वरकाका आणि बाबा यांचं दहा वर्षं बोलणं नाही. एका काठाच्या रंगावरून भांडण झालं होतं. यापेक्षा सोपं उत्तर काय हवं?

काका ओसरीवर पुठ्ठ्यांना भोकं पाडत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काका, तुमची मागपट्टी कॉम्प्युटरच्या खोलीत काहून लटकून राहते?"

"कापड तपासतो मी तिथं. ऑफिसातल्या मागावर नमुन्याचं माप घेतो. तुले काय करायचं?"

"मंग कॉम्प्युटरच्या काचेवर ती कोणी ठेवली? त्या पट्टीनं मोजलं म्हणून कमळ फुगलं. पट्टी तुमची, चावी तुमची. न माह्या बाबाचा राग तर जुनाच."

काकांनी हातोडी खाली ठेवली. त्यांच्या बायकोने आतून डोकं काढलं आणि परत आत घेतलं. मला वाटलं, आता मारतील.

ते उठले, आत गेले आणि दोन पट्ट्या घेऊन आले. "डोळे मीट."

"काय?"

"मीट म्हणतो ना! हात पुढं कर."

मी डोळे मिटले. तळहातावर काहीतरी पडलं. बोटं आपोआप टोकाकडे गेली. तिथे खाच होती.

"कोणती?"

"मागपट्टी."

"न ही?"

टोक गुळगुळीत. "घडीपट्टी."

"डोळे उघड. तू आजवर धोटा फेकला काय कधी? नाही. नुसती मागाच्या घरात वाढली. तरी तुले डोळे मिटून कळलं. न मी चाळीस वर्षं मागावर बसून काचेले मागपट्टी लावीन? काच काय ताणलेली आहे काय? ती का उद्या आकसन?" ते आता ओरडत होते. "तुह्या बापाचं न माह्यं पटत नाही, ते आमचं आम्ही पाहू. पण तो कारागीर होय, मीही होय. निघ माह्या घरून!"

दार धाडकन लागलं. माझ्या तोंडावर. माफी मागायची राहून गेली.

मी गल्लीत उभी राहिले. मी सगळं बरोबर मोजलं होतं आणि सगळं उलटं वाचलं होतं. मागपट्टी लावली म्हणून तो विणकर असेल, असं मी धरून चालले. पण पवनीतला कोणताही विणकर ही चूक करूच शकत नाही! ही चूक फक्त त्यालाच जमेल, ज्याला पट्ट्या दोन असतात हेच माहीत नाही.

मग श्यामरावांचं बुधवारचं ते बोलणं आठवलं. दारात, सगळ्यांसमोर. ऑफिसात स्वतः पट्टी लावून मोजलं, बरोबर दोन इंच.

मी गल्लीतच एक उडी मारली. एक म्हातारी मला पाहून म्हणाली, "लाज नाही पोरीले, बापाचा माग जाऊन राहिला न नाचून राहिली."

५

शनिवारी एक वाजताच माग सुटला. निकालाची वाटही न पाहता श्यामरावांची माणसं आली आणि त्यांनी तुकडे तुकडे करून हातगाडीवर चढवला. फणी, दांड्या, पायपट्ट्या. घरात चार काळे चौकोन उरले, जिथे मागाचे पाय होते. बाबा त्या चौकोनांकडे पाहत बसले. सभेला येईनात.

"अजी, उठा," आई म्हणाली. "तुम्ही गेले नाही तर चोरी कबूल केली असं होईन."

सभा सोसायटीच्या अंगणात. हातगाडी फाटकाशी उभी, सगळ्यांना दिसेल अशी. मधे टेबलामागे अध्यक्ष गोपाळराव, वय सत्तर, कडक. बाजूला श्यामराव. खुर्चीवर साक्षीदार म्हणून भैय्याजी, पान चघळत. टेबलावर ती साडी. समोर साठ-सत्तर विणकर, कोणाचाही चेहरा आमच्या बाजूचा नव्हता.

"भैय्याजी, काठ तुम्हाले कोणी दिला?" गोपाळरावांनी विचारलं.

"लक्ष्मणरावनं दिला जी."

"झालं!" श्यामराव उठले. "निकाल द्या."

मी पुढे गेले. शाळेचा निळा स्कर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. माझ्या हातात बांबूच्या दोन पट्ट्या होत्या, आमच्याच घरच्या.

"या पोरीले इथं कोणी बोलावलं?" श्यामराव.

"मी," फाटकातून आई म्हणाली. "न तिले बोलू द्या. नाही तर मी बोलीन, न ते तुम्हाले झेपणार नाही."

कोणीतरी हसलं. गोपाळरावांनी हाताने खूण केली. मी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"गोपाळआबा, श्यामरावकाका म्हणाले हे कमळ दोन इंचांचं आहे. म्हणून ते बाबांच्या नकाशावरचं. माझ्या मोजण्यात ते वेगळं येते. पण मी पोरगी, माह्यं चुकत असन. ते जातीचे विणकर. त्यांनी सगळ्यांसमोर मोजून दाखवावं. हातात येईल ती पट्टी घ्यावी."

श्यामरावांनी साडी ओढली. "घ्या! पुन्हा मोजतो!" त्यांचा हात टेबलावर गेला. दोन्ही पट्ट्या सारख्याच अंतरावर होत्या. तीन दिवस मी आकडे जुळवले होते, पण हाताचं काय करणार? घडीपट्टी उचलली असती तर सगळं संपलं असतं.

त्यांनी काळपट, खाचेची पट्टी उचलली. ऑफिसातल्या खिळ्यावर असते तशीच. कमळावर ठेवली आणि मान वर करून ओरडले, "दोन! बरोबर दोन इंच! पाहा कोणीही! हिच्या बापाचाच नकाशा!"

सत्तर विणकर उतरलेल्या कापडावर मागपट्टी ठेवलेली पाहत होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तोंडावर हात ठेवला, जणू कोणी देवळात बूट घालून शिरलं.

"काय झालं?" श्यामराव म्हणाले. "काहून गप झाले सगळे?"

मागून जागेश्वरकाका उठले. "सेक्रेटरीसायेब, तुमच्या हातात काय होय?"

"पट्टी होय!"

"कोणती?"

"कोणती म्हणजे? पट्टी! इंचाची!"

गोपाळराव जागचे उठले. त्यांनी घडीपट्टी घेतली, कमळावर ठेवली आणि मोठ्याने वाचलं. "दोन न वर दोन दशांश."

मग मी सगळं सांगितलं. एकशेवीस धागे आणि एकशेबत्तीस. अकरा कमळांच्या जागी दहा. म्हणजे बाबांचा कागद नाही. कॉम्प्युटरची काच, आणि त्या काचेवरची साडेपाच इंचांची रेघ, जी मागपट्टीने पाच भरते. शोभाताई उभ्या राहून म्हणाल्या, "हाव, मी करून पाहिलं. पाच टाकलं की एवढंच कमळ येते."

"चाव्या तीन," मी म्हणाले. "शोभाताईंना काचेवर कागद ठेवायची गरज नाही, त्या चकतीवरून चकती करतात. जागेश्वरकाका..." इथे मी त्यांच्याकडे वळले, "जागेश्वरकाकांवर मी गुरुवारी आळ घेतला. तो चूक होता. त्यांना ही पट्टी डोळे मिटूनही कळते. उरली एक चावी. आणि मागपट्टीने कापड मोजणारा माणूस पवनीत एकच निघाला. आत्ताच, सगळ्यांसमोर."

"पट्टी ओळखली नाही म्हणून मी चोर?" श्यामरावांचा आवाज चिरकला. "मी कायले देईन भैय्याजीले आमचं कमळ?"

"मागच्या महिन्यात तुमच्या पोराचं साक्षगंध झालं. भैय्याजीच्या मुलीशी. नव्या इवायाच्या दुकानात काहीतरी नवं टांगायचं होतं. आणि आळ घ्यायला बाबा समोर होतेच."

सगळ्यांच्या माना भैय्याजींकडे वळल्या. त्यांनी पान चघळणं थांबवलं. एकदा श्यामरावांकडे पाहिलं, एकदा त्या सत्तर माणसांकडे. हेच विणकर त्यांच्या दुकानाला कापड देत होते.

"मले काय माहीत जी," ते म्हणाले. "या श्यामराव इवायानं पातळ कागदावर छापून आणलं. म्हणाला, लक्ष्मणरावचं नाव सांग. मी सांगितलं. कागद घरी आहे, पाहिजे तर आणून देतो."

"भैय्याजी!" श्यामराव किंचाळले.

"अजी, मले माह्यं दुकान चालवायचं आहे!"

६

कागद आला. बटर पेपर काचेवर सरकवत छापलेली दहा कमळं, पेन्सिलीची रेघ काचेच्या कोपऱ्याशी जराशी वाकडी झालेली. गोपाळरावांनी तो पाहिला, घडी केली आणि श्यामरावांकडे न पाहता म्हणाले, "चाव्या ठेवा टेबलावर. सगळ्या."

मग ते बाबांकडे वळले. "लक्ष्मणराव, ह्या लोकांच्या हातून चूक झाली. माग परत घरी पोचवून देतीन."

तीच माणसं हातगाडीकडे धावली. दुपारी ज्यांनी दांड्या आपटल्या होत्या, तेच आता "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. पुष्पाबाई आईला म्हणाली, "मी तर पहिल्यापासून म्हणत होती, तो माणूस तसा नाही." आईने तिला असं उत्तर दिलं, की ते मी इथे लिहीत नाही.

आणि तेव्हा बाबा बोलले. तीन दिवसांत पहिल्यांदा. आवाज मोठा नव्हता, पण अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

"कोणी हात लावू नका."

माणसं थबकली.

"तुम्ही सोडला तो सोडला. लावायले तुमची गरज नाही."

ते स्वतः हातगाडीच्या दांड्याला लागले. मी दुसरीकडून धरलं. गाडी जड होती. माग असतोच जड. फाटकाच्या उंबऱ्यावर चाक अडलं आणि आम्हा दोघांना हलेना. सत्तर माणसं पाहत होती. कोणाची पुढे यायची हिंमत नव्हती.

जागेश्वरकाका आले आणि चाकाला खांदा लावला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, "जोर लाव. नुसती तोंडानं काय गाडी सरकते?"

संध्याकाळपर्यंत ते दोघं एकही शब्द न बोलता माग उभा करत होते. बोलायची गरजच पडली नाही. एकाने हात पुढे केला की दुसरा बरोबर तीच दांडी देत होता. काम संपल्यावर काका चहा न घेता निघून गेले. अजूनही दोघं बोलत नाहीत.

श्यामराव सेक्रेटरी राहिले नाहीत, पण गावातच आहेत. आमच्या दारावरून जाताना मुद्दाम खाकरून थुंकतात. थुंकू देत. माग आम्ही आता रस्त्याकडच्या खोलीत लावला आहे. बाबा सकाळी बसले की धोट्याचा आवाज थेट त्यांच्या ओसरीपर्यंत जातो. खिडकी मी रोज उघडी ठेवते.